ड्युटी कुठे संपते, ते आधी ठरवा

प्रश्न : एमबीबीएस झाल्यावर बंधपत्राच्या सेवेसाठी मी धडगाव तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. क्वार्टर दवाखान्याच्या आवारातच आहे. दुसरे वैद्यकीय अधिकारी आहेत, पण त्यांचे बहुतेक दिवस बैठका, शिबिरं आणि आश्रमशाळांच्या तपासण्यांत जातात. दिवसा ओपीडी, रात्री बाळंतपणं, साप, विंचू, मारामाऱ्या. पावसाळ्यात एका पाड्यावरून एक पहिलटकरीण झोळीतून आणली. पोचेपर्यंत उजाडलं होतं. बाळ रडलंच नाही. अंबू बॅगने श्वास देत राहिले, पण गेलं. बापाने ते फडक्यात गुंडाळलं, मला रामराम केला आणि निघून गेला. मी हात धुतले आणि ओपीडीत जाऊन बसले. आता काही महिने झाले. आवारात मोटारसायकल शिरली की छातीत धडधडतं. आशाताईंवर ओरडते आणि रात्री त्याचंच वाईट वाटत राहतं. समोर पेशंट रडत असला तरी आत काही हलत नाही. आई म्हणते, सोडून ये. सोबतचे सगळे पीजीच्या अभ्यासाला लागलेत. मला इथलं काम आवडतं. पण या कामासाठी मी कच्ची आहे का?
– वैद्यकीय अधिकारी, जि. नंदुरबार

उत्तर : डॉक्टर मॅडम, वयाने तुम्ही माझ्या धाकट्या लेकीएवढ्या असाल. पण माझी उभी हयात सरकारी दवाखान्यात गेली, अधिसेविका म्हणून निवृत्त झाले, डॉक्टरला एकेरी हाक मारायला जीभ वळत नाही. तेव्हा ‘तुम्ही’च म्हणते.

तुम्ही कच्च्या नाहीत. कच्चं माणूस त्या सकाळी ओपीडीत जाऊन बसलंच नसतं. मला काळजी वाटते ती याचीच, की तुम्ही हात धुऊन लगेच जाऊन बसलात आणि त्या बाळाबद्दल आजवर कुणाशी धड बोलला नाहीत.

तुमच्या पत्रात दोन दुखणी एकमेकांत गुंतली आहेत. एक त्या पहाटेचं, दुसरं रोजच्या शिणाचं. दोघांचा उपाय वेगळा आहे.

आधी त्या पहाटेचं बघू. एक वही घ्या आणि वेळा लिहा. कळा कधी सुरू झाल्या, घरच्यांनी न्यायचं कधी ठरवलं, झोळी कुठपर्यंत चालत आली, गाडी कुठे मिळाली, बाई तुमच्या टेबलावर किती वाजता आली, बाळ बाहेर आल्यावर पहिल्या मिनिटात काय केलं. बालमृत्यू अन्वेषणाचा फॉर्म तुम्ही भरला असेलच, पण तो वरच्यांसाठी. ही वही तुमच्यासाठी. थॅडियस आणि मेन या दोघी अभ्यासकांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंबद्दल लिहिताना तीन उशीर सांगितले होते : दवाखान्यात न्यायचं ठरवायला झालेला उशीर, पोचायला झालेला उशीर आणि पोचल्यावर उपचार मिळायला झालेला उशीर. बाळांच्या बाबतीतही हीच फोड कामाला येते. तुमच्या वेळा या तीन खणांत टाका. पहिले दोन खण भरून वाहतील, हे सातपुड्यात काम केलेलं कुणीही सांगेल. तिसऱ्या खणात काही निघालं, म्हणजे मास्कचं माप चुकीचं होतं, ऑक्सिजन संपत आला होता, असं काही, तर ते दुरुस्त करण्याजोगं आहे. दर पाळीला बॅग आणि मास्क तपासल्याची सही सुरू करा. आणि काहीच निघालं नाही, तर तेही स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवा. रात्री दोन वाजता मन जी फिर्याद घेऊन येतं, तिला उत्तर म्हणून हातात कागद असलेला बरा.

मग ती वही घेऊन त्या रात्रीच्या सिस्टरजवळ बसा. तीही त्याच टेबलाशी उभी होती. बाळाला पुसून गरम कपड्यात तिनेच घेतलं असेल. तिला कुणी विचारलं का, तू बरी आहेस ना म्हणून? विचारलं नसणार, मला माहीत आहे. दोघी मिळून एकदा सगळं पहिल्यापासून बोला, चहा करून घ्या, घाई करू नका. तुमच्या मनातलं तिच्याकडून ऐकायला मिळेल, तिच्या मनातलं तुमच्याकडून.

याची सवयही लावता येते. मायकेल बालिंट नावाच्या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात लंडनमध्ये फॅमिली डॉक्टरांना गोल बसवून, मनातून न जाणाऱ्या पेशंटबद्दल बोलतं करायला सुरुवात केली. ते गट आज अनेक देशांत चालतात. तालुक्याची मासिक सभा संपली की तुम्ही तीन-चार तरुण डॉक्टर तासभर थांबा. एकाने एका पेशंटची गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी ऐकायची. ‘मी असतो तर असं केलं असतं’ हे वाक्य तेवढं कुणी बोलायचं नाही.

आता दुसरं दुखणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात कामाच्या थकव्याची, बर्नआउटची, नोंद घेतली ती आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणी घडणारी गोष्ट म्हणून. त्याच्या तीन खुणा दिल्या आहेत. अंगातलं त्राण जाणं, कामापासून आणि माणसांपासून मन तुटणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. पहिल्या दोन तुमच्या पत्रात सरळ दिसतात. तिसरी नाही. काम आवडतं, असं तुम्ही स्वतःच लिहिलंय. तेव्हा राजीनाम्याचा विचार आज नको. आज ड्युटीची मांडणी बदलायची.

आमच्या वॉर्डात ड्युटी कशी बदलायची, म्हणजे ‘ओव्हर’ कशी द्यायची, ते सांगते. सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ. जाणारी आणि येणारी, दोघी प्रत्येक कॉटपाशी उभ्या राहायच्या. सात नंबर, सलाईन चालू, दहाला इंजेक्शन, लघवी मोजायची आहे. नऊ नंबर, ताप उतरलेला नाही, नातेवाईक घाबरलेत, दोन शब्द बोल. शेवटच्या कॉटपर्यंत असं गेलं की औषधांच्या कपाटाची किल्ली येणारीच्या हातात पडायची. घरी जाताना नऊ नंबरची आठवण यायची, येतेच, पण त्याचा ताप आता दुसरीच्या हातात आहे हे पक्कं ठाऊक असायचं. दिवसभर राबूनही आम्ही टिकलो, त्यात या पाच-दहा मिनिटांचा वाटा मोठा होता असं मी मानते. तुमच्या केंद्रात सिस्टर ओव्हर देतात, तुम्ही मात्र ती कधीच देत नाही. क्वार्टर आवारात, खिडकी दवाखान्याकडे, मोबाइल उशाशी. तुमची ड्युटी रुजू झालात त्या दिवशी सुरू झाली ती अजून संपलेलीच नाही.

तेव्हा रात्री वाटून घ्या. वैद्यकीय अधिकारी दोन आहात, तर महिन्याचा तक्ता करा आणि प्रसूतिगृहाच्या दारावर लावा. आज रात्री कोण, उद्या कोण. सिस्टर, परिचर, १०२ रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर, समुदाय आरोग्य अधिकारी, आशाताई, सगळ्यांना ते ठाऊक हवं. मुख्यालयी राहणं सक्तीचं आहे, ते राहा. पण ज्या रात्री तुमचं नाव नाही, त्या रात्री संध्याकाळी दुसऱ्या डॉक्टरांना एकेक पेशंट सांगून मोबाइलसुद्धा सिस्टरच्या टेबलावर ठेवा. दुसरे साहेब कायमच बाहेर असतील, तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी द्या, की आठवड्यातल्या दोन रात्री भरारी पथकाचे डॉक्टर किंवा शेजारच्या केंद्राचे डॉक्टर मिळावेत. तोंडी मागितलेलं विसरलं जातं. कागदाला आवक क्रमांक पडतो.

ज्या रात्री तुमचं नाव आहे, त्या रात्रीसाठीही सिस्टरबरोबर बसून यादी करा. डॉक्टरला तात्काळ उठवायचं ते कशासाठी : रक्तस्राव, झटके, सर्पदंश, विषबाधा, धाप, बीपी वाढलेली गरोदर बाई, न रडणारं बाळ, लहान मुलाला चावलेला विंचू. जुनी खाज, चार दिवसांचा खोकला, सर्टिफिकेट, हे सकाळी. काही शंका आली तर उठवायचंच, हेही यादीत लिहा. मोटारसायकल आली की आधी सिस्टर बघेल आणि गरज असेल तरच परिचर तुमचं दार वाजवेल. गाडीचा आवाज आणि तुमचं उठणं यांच्यात एक माणूस उभं राहिलं की काही आठवड्यांत धडधड कमी होईल.

आशाताईंचं मात्र उद्याच करा. त्यांना बोलावून सांगा, की माझा आवाज चढला, तो तुमच्या कामावर नव्हता. त्या पाड्यापाड्याची वाट तुडवून येतात आणि त्यांना मिळणारा मोबदला तुम्हाला माहीत आहे. एखादीबरोबर सुट्टीच्या दिवशी तिच्या पाड्यावर जा, तपासायला नको, नुसतं जेवायला. उन्हाळ्यात अंगणात आमचूरसाठी कैऱ्यांच्या फोडी वाळत पडलेल्या असतात, बायका पावरी बोलीत गप्पा मारत बसतात. तुम्ही तिथल्या बायकांना फक्त कळा देताना आणि रडताना बघता. हसताना बघा.

झोप दोन आठवडे सलग उडाली, जेवणावरची वासना गेली, कशातच गोडी वाटेना, तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जा. मरणाचे विचार आले तर त्याच दिवशी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि एक वडीलकीचं सांगणं : स्वतःला झोपेची गोळी स्वतः लिहून घेऊ नका. चांगले हुशार डॉक्टर त्यात अडकलेले मी जवळून पाहिलेत.

शेवटी एक मला लिहायलाच हवं, तुमच्यासाठी आणि हे वाचणाऱ्या तुमच्या वरिष्ठांसाठीही. डोंगरातल्या केंद्रासाठी वीस हजार लोकसंख्येचा निकष आहे. तेवढ्या लोकांच्या रात्री एका मुलीच्या उशाशी ठेवायच्या आणि तिला प्राणायाम शिकवायचा, हे मला पटत नाही. प्राणायाम चांगलाच आहे. त्याआधी रात्रपाळीचा तक्ता हवा आणि रिकाम्या जागा भरायला हव्यात.

प्रश्न : माझे मिस्टर भुसावळला मालगाडीवर लोको पायलट आहेत. दोन महिन्यांपूर्वी एक माणूस त्यांच्या गाडीखाली आला. त्यांनी हॉर्न दिला, इमर्जन्सी ब्रेक लावला, पण गाडी थांबली नाही. घरी आल्यावर एवढंच सांगितलं आणि तेव्हापासून गप्प आहेत. झोपेतून दचकून उठतात. त्या सेक्शनला ड्युटी लागली की आदल्या दिवसापासून चिडचिड करतात. सुट्टीला पिऊ लागलेत, पूर्वी इतके पीत नव्हते. रात्रभर गाडी चालवून आल्यावर दिवसा झोप लागत नाही. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, अनफिट करतील. मी काय करू?
– एक गृहिणी, भुसावळ

उत्तर : ताई, पहिली गोष्ट, ‘बोला, मन मोकळं करा’ म्हणून त्यांच्या मागे लागू नका. वर डॉक्टर मॅडमना मी बोला म्हटलं, कारण त्यांना बोलायचं होतं, त्यांनी मला पानभर लिहिलं. तुमच्या मिस्टरांचं तसं नाही. असा धक्का बसलेल्या माणसाला जबरदस्तीने सगळं पुन्हा सांगायला लावू नये, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. सोबत राहा, जेवण वेळेवर द्या, आणि ‘सांगावंसं वाटलं तर मी आहे’ हे एकदा म्हणून सोडून द्या. ते सांगतील तेव्हा ‘तुमची काय चूक’ असं मध्येच तोडू नका, पुरतं ऐका. भरलेली मालगाडी पूर्ण वेगात असली की ब्रेक लावल्यावर थांबायला किलोमीटरच्या आसपास अंतर घेते, हे तुमच्या-माझ्यापेक्षा त्यांना चांगलं माहीत आहे. तरी हात अजून त्या ब्रेकवरच आहे, त्याला काय करणार.

पहिले काही आठवडे दचकणं, तेच दृश्य दिसणं, तिथे जायला नको वाटणं, हे बहुतेकांना होतं आणि आपोआप उतरतं. महिना उलटूनही राहिलं तर उपचार लागतात. तुम्ही दोन महिने लिहिलेत. म्हणजे आता थांबू नका. यावर खास पद्धतीने केलेलं समुपदेशन आहे, गरज पडल्यास औषधं आहेत, आणि त्याने माणसं बरी होऊन पुन्हा गाडीवर जातात. भुसावळला रेल्वेचं स्वतःचं रुग्णालय आहे, तिथे दाखवा. अनफिटची भीती मी हसण्यावारी नेत नाही, घर त्या पगारावर चालतं. पण त्यांना हेही विचारा, की साइन ऑनला, म्हणजे ड्युटीवर हजर होताना, ब्रेथ अ‍ॅनालायझर लावतात, आदल्या रात्रीची दारू त्यात दिसली तर मग काय? दारूने डोळा लवकर लागतो आणि पहाटेच्या आत उघडतो, झोप तुकड्यातुकड्यांची होते. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की हे रनिंग स्टाफ आहेत, गाडी चालवतात, म्हणजे गुंगी आणणारं औषध ते बघून देतील. मेडिकलमधून परस्पर काही आणू नका.

आता दिवसाची झोप. हे घरातल्या बायकांच्या हातात बरंच असतं, म्हणून सविस्तर लिहिते. डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये मोजून दाखवलं, की सतरा तास सलग जागलेल्या माणसाचे हात-डोळे रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखे चालतात. आपल्याकडे वाहन चालवायची कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. आठ तास आणि वर ड्युटी झाली की हेडक्वार्टरला सोळा तासांची विश्रांती रेल्वेने ठेवली आहे ती उगीच नाही. पण ते सोळा तास तुमच्या घरात कसे जातात? बाजार, मुलांची फी, पाहुणे, साखरपुडा, दशक्रिया. ‘घरी आहेत ना’ म्हणून सगळी कामं त्याच दिवशी निघतात.

मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पश्चिमेची खोली त्यांना देऊ नका. खालच्या मजल्यावरची, उत्तरेची बघा. खिडकीला आतून जाड गोधडी लावा, अंधार गच्च हवा. कूलर खिडकीत बसवा आणि समोरच्या दाराला वर फट ठेवा, नाहीतर नुसता दमटपणा होतो आणि माणूस घामेजून उठतो. ड्युटी संपायच्या आधीच्या चार-पाच तासांत चहा टाळायला सांगा, चहा-कॉफीतल्या कॅफिनचा अर्धा अंमल पाच-सहा तासांनीही अंगात असतो. आल्याबरोबर शेवभाजीचा तिखट रस्सा नको. कळण्याची भाकरी, ताक, थोडी उडदाची डाळ, एवढं पुरे. मोबाइल तुमच्याजवळ ठेवा. ड्युटी लावणाऱ्या लॉबीतून कॉल आला तर तुम्ही उठवाल, बाकी कुणालाही ‘झोपलेत’ एवढंच सांगाल, हे दोघांत ठरवा. शेजारी काय म्हणतील ते म्हणू द्या. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नणंदा माहेरी येतील, झोके बांधले जातील, घर भरेल. तेव्हाही त्या खोलीचं दार बंद राहील, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवा. त्यांच्या मुलाच्या मागे अख्खी गाडी असते, त्या समजून घेतील.

तुमचं स्वतःचं कोण बघतं, हे तुम्ही लिहिलं नाहीत. दोन महिने तुम्हीही जागताय. त्या १४४१६ वर घरच्या माणसांनाही बोलता येतं.

प्रश्न : मी यावल तालुक्यात बँकेत शाखाधिकारी आहे, वय ४६. पीककर्ज, वसुली, वरून टार्गेट, रात्री अकरापर्यंत ग्रुपवर आकडे मागतात. वर्षभर फार थकवा आहे. हातापायांना मुंग्या येतात, नावं विसरतो, काउंटरवर चिडतो. माळकरी असल्याने मांस-अंडी नाही, दूधही सोसत नाही म्हणून बंद केलंय. अ‍ॅसिडिटीची गोळी रोज सकाळी घेतो. तणाव कमी करायला योग शिबिर केलं, ताकदीची पावडर सुरू केली. फरक नाही. मन खंबीर कसं करू?
– शाखाधिकारी, जि. जळगाव

उत्तर : माउली, मनाचं नंतर बघू. आधी रक्त तपासा.

रात्री अकराच्या आकड्यांनी माणूस थकतो, हे खरंच. नऊनंतर उत्तर सकाळी मिळेल, हे वरिष्ठांना एकदा नम्रपणे सांगून बघा. पण मुंग्या आणि विसरणं याला नुसतं टार्गेट कारण नसतं. मांस नाही, अंडी नाहीत, दूधही नाही, म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व पोटात जायला वाटच उरली नाही. तुमच्या भागात घरोघर केळी असते, पण केळीत ते नसतं. त्यात अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेतली की अन्नातलं थोडंफार असलेलंही शरीर नीट घेत नाही. बी-१२ कमी पडलं की थकवा, मुंग्या, विसरभोळेपणा, चिडचिड हे सगळं येतं, आणि माणूस स्वतःला मनाने दुबळा समजत बसतो. यावलला किंवा जळगावला जाऊन बी-१२, हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच आणि साखर एवढं करून घ्या. कमी निघालं तर इंजेक्शनं किंवा गोळ्या मिळतात, त्या माळेआड येणाऱ्या नाहीत, तरी डॉक्टरांना विचारून खात्री करा. मुंग्या फार काळ अंगावर काढू नका, नसांची हानी मग पूर्ण भरून येत नाही.

ती पावडर आजच बंद करा आणि डबा डॉक्टरांना दाखवा. अशा पावडरीत बऱ्याचदा फॉलिक अ‍ॅसिड असतं. त्याने रक्त वरवर सुधारलेलं दिसतं आणि बी-१२ ची कमतरता आत नसा खात राहते. अ‍ॅसिडिटीची गोळी मात्र स्वतःहून एकदम सोडू नका, तेही त्यांनाच ठरवू द्या. रिपोर्ट आले की मला कळवा.